मालवणला प्रवाळ पांढरं दिसलं, म्हणजे मेलं का?

मीनल_सातारा: मे महिन्याच्या सुरुवातीला मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं. खाली तपकिरी, गोलसर दगडांसारखी प्रवाळं होती, पण काहींचा माथा अगदी पांढराफटक. सोबतचा मुलगा म्हणाला, "ताई, मेला ता." लेकीचा प्रश्न वेगळाच: प्रवाळ प्राणी आहे, तर त्याला ऊन कशाला लागतं? जाणकारांनी सांगा ना.

दर्यासोबती: मीनलताई, बहुतेक मेलेलं नव्हतं. माथा पांढरा आणि बाजू तपकिरी, हीच खूण आहे. ऊन माथ्यावर जास्त पडतं, म्हणून रंग तिथला आधी जातो.

लेकीचा प्रश्न मला फार आवडला. तो दगड म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. एकेकाला पॉलिप म्हणतात: एक तोंड, भोवती शुंडके, खाली स्वतः घडवलेला चुन्याचा सांगाडा. पॉलिपच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये एकपेशीय शैवालं राहतात, झूझँथेली. चिकटलेली नव्हेत, थेट पेशीच्या आत! नखाएवढ्या जागेत दहा लाखांच्या घरात. तपकिरी रंग त्यांचाच.

ही शैवालं उन्हात साखर तयार करतात आणि त्यातला मोठा हिस्सा, कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत, पॉलिपला देतात. पॉलिपकडून त्यांना आसरा मिळतो, कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि त्याच्या मलमूत्रातला अमोनिया व फॉस्फेटही. त्याची घाण तेच यांचं खत. ज्या निळ्याशार पाण्यात खायला जवळपास काही नसतं, तिथे एवढाली प्रवाळबेटं उभी राहिली ती या देवघेवीवर. पॉलिप रात्री शुंडके पसरून बारीक जीव पकडतोही, पण बहुतेकांचं तेवढ्यावर भागत नाही.

आता पांढरं का पडतं? ऐन उन्हाळ्यात पाणी नेहमी जितकं तापतं, त्याच्या वर एखादा अंश जरी महिनाभर राहिलं, तरी शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. मग त्यांच्यातून पेशींना घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार होऊ लागतात आणि पॉलिप शैवालांना बाहेर काढतो. उरतो तो काचेसारखा पारदर्शक प्राणी, आतला सांगाडा दिसतो म्हणून पांढरा. तो जिवंत असतो, पण उपाशी. पाणी लवकर निवलं तर आत उरलेली शैवालं पुन्हा वाढतात, रंग परततो. नाही निवलं तर मरतो, आणि काही दिवसांतच त्या सांगाड्यावर हिरवट-करड्या शेवाळाची लव चढते. म्हणून जवळून बघा: स्वच्छ पांढरं असेल तर आशा आहे, लव दिसली तर तेवढा भाग गेला.

लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ मध्ये पुन्हा. दोन फटक्यांमध्ये सावरायला वेळ मिळाला तरच प्रवाळ टिकतं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते "मेला ता" हे वाक्य. एकदा मेलं म्हटलं की माणसं त्यावर बिनधास्त उभी राहतात, फिन्स मारतात, तुकडा मोडून घेतात. उपाशी जीवावर पाय देऊ नका हो. शिवाय दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, तुकडा घरी आणणं हा गुन्हा आहे.

नाशिकचा_नाना: मंगळासाठी अंगठीत घालतात त्या पोवळ्यातही ही शैवालं असतात का?

दर्यासोबती: नाही, नाना. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढणारं. तिथे ऊनच नाही, तर शैवालं जगणार कशी? सांगाडा लाल, पण पॉलिप पांढरे, प्रत्येकाला आठ शुंडके. वाहत आलेलं पकडून खातात. जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. बोटावरचा मणी व्हायला किती वर्षं लागली असतील, विचार करा.

मीनल_सातारा: खूप आभार, लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिची पुढची शंका: उष्णता सोसणारी शैवालं त्यांना देता येणार नाहीत का?

दर्यासोबती: काही प्रवाळं स्वतःच तसं करतात. ड्युरुसडिनियम नावाचा गट जास्त उष्णता सोसतो आणि पांढरं पडल्यानंतर कधी कधी आत त्याचंच प्रमाण वाढतं. पण तो साखर हात राखून देतो, त्यामुळे वाढ मंदावते. ऑस्ट्रेलियात प्रयोगशाळेत शैवालं कित्येक वर्षं गरम पाण्यात वाढवून कणखर केली आहेत, प्रवाळाच्या पिल्लांना देऊनही पाहिली आहेत. सबंध समुद्राला ती पुरवणं मात्र फार लांबची गोष्ट. लेकीला सांगा, याच विषयात पुढे शिकायला भरपूर वाव आहे.