अनुभव धागा : नागपूरच्या उन्हात घरची भाजी आणि फळे

मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या शहरात ज्यांनी गच्चीवर, अंगणात किंवा गॅलरीत भाजी अथवा फळे पिकवली आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. माती, पाणी, सावली आणि कीड यांचा उल्लेख अवश्य करावा, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक त्यांविषयीच असतात.

गच्ची, मानेवाडा
आपल्याकडची काळी माती कुंडीत एकटी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ओली असताना ती चिकट होते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी मुळांना न मिळता कडेनेच वाहून जाते. म्हणून मी तिच्यात जवळपास तेवढेच शेणखत, शिवाय कोकोपीट आणि थोडी रेती मिसळते. ओल्या मातीचे वजन फार असल्यामुळे मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता बीम आणि भिंतींच्या रेषेत मांडल्या आहेत. मार्चमध्ये 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधते आणि मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालते. इतके करूनही एप्रिलमध्ये टोमॅटोची फुले गळतात, कारण कडक उष्णतेत परागकण निकामी होऊन फळ धरत नाही. ते झाड जगवण्यात पाणी घालवण्यापेक्षा त्या कुंडीत भेंडी किंवा बरबटी (चवळीच्या शेंगा) लावणे मला अधिक योग्य वाटते. ही दोन्ही उन्हाळा चांगला सोसतात.

गॅलरी, मनीषनगर
कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी झाडांना घालू नये. पाण्याची वाफ होत जाते आणि क्षार मागे साचतात, त्यामुळे पानांच्या कडा करपतात. गॅलरीत मी फक्त हिवाळी पालेभाज्या घेतो. ऑक्टोबरमध्ये पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. सांबारासाठी धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत.

अंगण, महाल
आमच्या कवेलूंवर (छपराच्या कौलांवर) दुधीचा वेल आहे. कोवळ्या दुध्या पिवळ्या पडून गळू लागल्या, तेव्हा आईने कारण सांगितले : परागीभवन होत नव्हते. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नर फूल तोडून, ज्याच्या देठाशी इवलीशी दुधी असते त्या मादी फुलाला हलकेच लावले की फळ धरते. ढेमशांना मात्र मधमाश्या पुरतात.

अंगण, बेसा
नागपुरात घरी संत्र्याचे झाड असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे, पण बी रुजवून वाट पाहू नये. जंबेरीच्या (एका रानटी लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेले कलम आणावे आणि जोड मातीच्या वर राहील असे लावावे, कारण तो मातीत गाडला गेला किंवा बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकूज होते. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, म्हणून मी झाडे उंच वरंब्यावर लावली. संत्रा आणि लिंबू, दोन्हींच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी येते. ती हाताने वेचावी. मावा (रस शोषणारी बारीक कीड) वाढला तर जून-जुलैत वेचून वाळवलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारतो. फवारणी संध्याकाळीच करावी, कारण उन्हात निंबोळीचा प्रभाव लवकर कमी होतो.