फेज झिरोचे ५,००० डॉलर
‘५,००० डॉलरमध्ये प्रस्ताव लिहिणारा सल्लागारसुद्धा मिळत नाही’ हे म्हणणं अर्धंच पटलं. वायोमिंग राज्याच्या फेज झिरोत, म्हणजे एसबीआयआर या लहान कंपन्यांसाठीच्या अमेरिकी सरकारी संशोधन-अनुदानाचा प्रस्ताव तयार करायला मिळणाऱ्या मदतीत, जास्तीत जास्त तेवढेच मिळतात खरे, पण मुळात लिहिणं बाहेर द्यायचंच कशाला? उसनी भाषा परीक्षकाला लगेच कळते. माझ्या ओळखीतल्या एकाने मसुदा स्वतः लिहिला, पैसे फक्त जाणकाराकडून तो तपासून घेण्यावर घातले.

आणि अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी कळीचा मुद्दा राहिलाच. एसबीआयआरसाठी कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी साधारणपणे अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांची लागते. एच-१बीवर असाल तर आधी कोणाचे किती शेअर ते बघा. सॅमची, म्हणजे सरकारी अनुदान घेणाऱ्यांसाठीच्या अमेरिकी सरकारच्या यादीतली, नोंदणीही आत्ताच सुरू करा. फुकट आहे, पण पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळला नाही की आठवडेच्या आठवडे जातात.