आईचं मनगट मोडलं, पण हाडं ठिसूळ आहेत का ते कोण बघणार?

आई ६८ वर्षांची. बाथरूममध्ये नुसती घसरली आणि मनगट मोडलं. ऑर्थोनी प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, सहा आठवड्यांनी या म्हणाले, बस. हाडांच्या तपासणीचं काही बोललेच नाहीत, आपणच विचारायचं असतं का?

खडूस_काका: विचाराच. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर ते ठिसूळपणामुळे असू शकतं, पण बऱ्याच ठिकाणी प्लास्टर किंवा ऑपरेशन झालं की ऑर्थोचं काम संपलं आणि पुढचं फिजिशियन बघेल असं धरतात, फिजिशियनला वाटतं ऑर्थो बघतील, मधल्यामधे पेशंट लटकतो.

रेसिडेंट_ऑर्थो: काका, खरंय 😀 ओपीडीत गर्दी एवढी असते की एक्सरे बघून पुढचा पेशंट. तुम्ही डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) सांगा, त्यातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती ते) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. सोबत व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड बघतात. खुब्याचं किंवा मणक्याचं हाड असं मोडलं असेल तर स्कोअर बरा आला तरी ट्रीटमेंट सुरू करतात. नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही. आणि उंची कमी झालीय का, पाठीत बाक आलाय का बघा, मणका न कळत दबलेला असतो.

प्रश्नकर्ती: बाक आहे थोडा! वयाचा समजत होतो. पुढच्या व्हिजिटला मणक्याच्या एक्सरेचंही विचारते.

माई_नाशिक: मला ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिलीय, उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दातांचं काही काम असेल तर ही गोळी सुरू करायच्या आधी उरकून घ्या हो.