मदत हवी आहे : गल्लीतल्या मांजरांचा बंदोबस्त, पण विष न घालता

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीत जुन्या वस्तीत राहतो. घरं एकमेकांना चिकटून, त्यामुळे एका माळवदावरून दुसऱ्यावर मांजरांची रात्रभर ये-जा. सध्या वाळवणाचे दिवस. आईनं पहाटे उठून घातलेल्या कुरडयांवर बोका मुतून गेला, अख्खी साडी टाकून द्यावी लागली. तुळशीच्या कुंडीतली माती तर रोज उकरलेली असते आणि त्या वासानं ओसरीवर बसवत नाही.

शेजारचे एक काका आता औषध टाकायचं म्हणतायत. मला ते अजिबात पटत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहेच, शिवाय गल्लीत रांगती लेकरं आहेत. कुणी डांबर गोळ्या सुचवल्या, पण त्याही मांजरांना विषारीच. पकडून लांब सोडलं तर मोकळ्या जागी दुसरी येतात.

खरा उपाय नसबंदीच वाटतो. मांजरी दोन महिन्यांत विते, आणि पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की तीही गाभण राहू शकते. बोक्यांचं मुतणं, रात्रीची भांडणंही त्यानं बरीच कमी होतात.

इथल्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी भटक्या मांजरांची नसबंदी करून घेतली आहे का? खर्च किती आला? हाताला न येणारं मांजर धरायला पिंजरा कुठं मिळेल? आणि तोवर वाळवण, कुंड्या कशा राखायच्या? काकांना थोपवून धरलंय, लवकर सांगा.