मिसेस मेझलसारखा घेरदार ड्रेस घरी शिवायचाय, कापड किती आणि वरचा भाग कसा बसवू?

शिवणवेडी:
नमस्कार मंडळी, 'द मार्व्हलस मिसेस मेझल' ही सिरीज दुसऱ्यांदा बघून झाली आणि तेव्हापासून तिच्या नायिकेचे, मिजचे, ते ड्रेस डोक्यातून जातच नाहीयेत. गोष्ट सुरू होते १९५८ च्या न्यूयॉर्कमध्ये आणि डोना झाकोव्स्कानी कपडे असे केलेत ना की कोट उघडला की आतला ड्रेस त्याच रंगाला धरून असतो, मी कितीदा पॉज करून बघितलंय. डिसेंबरात मैत्रिणीचं रिसेप्शन आहे गंगापूर रोडला लॉन्सवर, तिथे असाच घालायचाय, बोट नेक, पाऊण बाही, कंबरेत फिट आणि खाली पूर्ण घेर.

मागे एका टेलरकडे फोटो देऊन शिवून घेतला होता तर अनारकलीसारखा झाला, कंबर चार बोटं खाली आणि घेर पायाला चिकटलेला (कापड जॉर्जेट होतं, मीच दिलेलं). आता स्वतःच शिवणार. कुर्ते शिवता येतात मला. कंबर ३०, छाती ३६, कंबरेपासून खाली उंची २७ हवी. शनिवारी मेन रोडला कापड घ्यायला जाणारे, त्याआधी सांगा प्लीज.

मापपट्टी:
जॉर्जेट नकोच, ते पडतं, उभं राहत नाही. कॉटन सॅटिन किंवा चांगलं जाड पॉपलिन बघ. प्रिंट घेणार असशील तर एकाच दिशेची घेऊ नकोस, गोल घेरात फुलं एका बाजूला आडवी आणि दुसऱ्या बाजूला उभी दिसतात.

आता हिशोब. पूर्ण गोल घेराला मधल्या कंबरेच्या गोलाची त्रिज्या म्हणजे कंबर भागिले ६.२८, म्हणजे तुझं ३० ला साधारण पावणेपाच इंच. पण ही शिलाईची रेघ झाली, कापायचं त्याच्या अर्धा इंच आत, सव्वाचारवर. इथे भरपूर जणी चुकतात, पावणेपाचवर कापतात आणि अर्धा इंच खाली शिवतात, की कंबर थेट ३३ होऊन बसते आणि मग चुन्या घालत बसावं लागतं. पूर्ण घेराची त्रिज्या पावणेपाच अधिक २७ अधिक दुमड, ३३ धर. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात एक अर्धगोल ६६ इंचात बसतो, दोन अर्धगोल म्हणजे साडेतीन मीटर, वरच्या भागाला आणि बाह्यांना दीड, असं ५ मीटर घे. कडेला ११ इंची पट्टी उरेल त्यात बेल्ट निघतो. आणि कापायच्या आधी कापड पाण्यातून काढच, कॉटन आटतं.

पंचवटीच्या काकू:
बाळा, घेराचं होईल गं, खरं काम वरच्या भागाचं आहे. मी पस्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, आणि हे जुने ड्रेस बघितले की मला ते लांब केलेले ब्लाउजच वाटतात. छातीखालचे टक्स (फिटिंगसाठी शिवलेले चिमटे), बाजूचा टक, मुंढा (बाही जोडायची गोलाई) नेमका, सगळं तेच. तुझा सगळ्यात छान बसणारा चार टक्सचा ब्लाउज काढ आणि त्यावरून सुरुवात कर, कुर्त्यावरून करू नकोस, कुर्ता सैलच असतो.

फरक एवढाच की ब्लाउज कंबरेच्या वर संपतो आणि हा कंबरेपर्यंत न्यायचाय. कंबर कुठे ते जीन्सवरून ठरवू नको. पोटाला नाडी बांध आणि दोन्ही बाजूंना वाक, नाडी जिथे जाऊन बसेल ती कंबर. तुझ्या त्या टेलरचं इथेच चुकलं असणार.

आधी मांजरपाटाचा (साध्या स्वस्त सुती कापडाचा) नमुना शिव. दीड मीटर आणलंस की पुरतं. छातीला २ इंच आणि कंबरेला १ इंच सैल ठेव, कच्चे टाके घाल आणि अंगात घालून खाली बसून जेवून बघ, उभं राहून सगळंच बसतं. टक्सचं टोक छातीच्या टोकापासून इंचभर अलीकडे थांबव, वर गेलं की टोचल्यासारखं दिसतं. चुकलं तर खडूने त्यावरच खूण कर, मग तोच उसवून कापडावर ठेव.

सिडकोकर:
काकूंचं वाचून मी पण नमुना काढणार आता. घेर उभा राहायला कॅन-कॅन (आतून फुगवणारं कडक नेट) लागेलच, पण ते ड्रेसला शिवू नको, वेगळा पेटीकोट कर. वर कॉटनचा योक (कंबरेची सपाट पट्टी), खाली कडक नेटचे तीन थर, प्रत्येक थर वरच्याच्या दुप्पट, आणि नेटच्या कडेला सॅटिन रिबन नाहीतर पाय ओरबाडून निघतात. अजून एक, ५ मीटरचा ड्रेस जड होतो आणि सगळं वजन खांद्यावर येऊन कंबर खाली ओढली जाते, त्यासाठी आतून कंबरेच्या शिवणीवर न ताणणारी जाड रिबन लावून चेनच्या जागी हुक दे, चेन लावायच्या आधी ते हुक लावायचं. माझ्या पहिल्या ड्रेसला हे नव्हतं आणि रात्रभर मी तो वर ओढत होते.

शिवणवेडी:
काकू खूप खूप थँक्यू!! नाडीवाली कंबर माझ्या समजुतीपेक्षा तीन इंच वर निघाली. नमुना दोनदा उसवला, दुसऱ्यांदा बसला, पुरणपोळी खाऊन पण बसला. कापड बाटलीहिरवं कॉटन सॅटिन घेतलं. घेर शिवून झालाय पण एक शंका, हेम (खालची दुमड) लगेच करू का?

मापपट्टी:
अजिबात नको! उरेब (तिरका कापलेला) भाग लोंबतो. दोन रात्री हँगरवर टांगून ठेव, मग पेटीकोट आणि त्या दिवशीच्याच सँडल घालून उभी राहा, जमिनीपासून पट्टी लावून दुसऱ्या कुणाकडून खडूने खुणा करून घे.

शिवणवेडी:
टांगलाय दाराला. आज सकाळी बघितलं तर शिवणी आणि पुढचा-मागचा मध्य यांच्या दरम्यान, चारही ठिकाणी दीड इंच खाली आलाय, बरं झालं विचारलं. उद्या आई पट्टी धरणारे.