विषय: गोल्ड बुकचा अर्ज – तासांचा हिशोब आणि सही कोणाची

मंडळी, नमस्कार.

ऑर्केस्ट्राच्या स्वयंसेवकांच्या गिल्डला गोल्ड बुकचा (इतरांनी उचलावेत अशा स्वयंसेवी प्रकल्पांच्या संग्रहाचा) अर्ज या आठवड्यात पाठवायचाय आणि तासांचा आकडा अजून जुळत नाही. आपण मराठी मंडळाने वाद्यं गाडीत भरण्या-उतरवण्याचा वेळ धरलाय, गिल्डने फक्त पेटिंग झूच्या (म्हणजे मुलांना खरी वाद्यं हाताळू देण्याच्या उपक्रमाच्या) टेबलापाशी उभं राहिल्याचा. शिवाय मसुद्यात कोणीतरी तासांना ३४.७९ डॉलरने गुणून तो आकडा उत्पन्नात टाकलाय. खजिनदारांनी कृपया आजच बघावं. वाद्यांची यादी, फोटो, शाळांची पत्रं तयार आहेत.

– मंजिरी

---

मंजिरीताई,

३४.७९ हा इंडिपेंडंट सेक्टर या अमेरिकन संस्थेने स्वयंसेवकाच्या एका तासाला ठरवलेला २०२४ साठीचा देशपातळीवरचा दर आहे, तो चुकीचा नाही. राज्यागणिक दर वेगळा असतो, तेव्हा कुठला धरला ते शेजारी लिहा. पण तो उत्पन्नात जात नाही. फॉर्म ९९० मध्ये (सेवाभावी संस्थांच्या वार्षिक कर-विवरणात) दान केलेली सेवा उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. ताळेबंदातही साधे तास येत नाहीत. विशेष कौशल्याचं काम, जे फुकट मिळालं नसतं तर पैसे देऊन करून घ्यावं लागलं असतं, तेवढंच येतं. म्हणजे व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्यांनी मोफत घोड्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्ट्या) बसवून दिल्या ते येईल, आपण टेबलं मांडली ते नाही.

अर्जात तीन ओळी वेगळ्या करा: रोख खर्च, वस्तुरूप मदत, स्वयंसेवकांचे तास. वाहतुकीचे तास जरूर धरा, पण वेगळे लिहा. दुसऱ्या गावच्या गिल्डला हे काम उचलायचं तर निम्मी मेहनत ने-आण करण्यात जाते हे तिला आधी कळायला हवं.

आणि कोणी विचारायच्या आत: करात आपल्या वेळेची वजावट मिळत नाही. गाडीच्या खर्चाची मिळते, ती मैलाला १४ सेंट.

– संजय

---

संजय, हिशोब पटला. माझा मुद्दा सहीचा आहे. कल्पना मंडळाची, मुलं आपल्या मराठी शाळेची, जागा मंडळाने मिळवली. मग अर्जावर फक्त गिल्डचं नाव का? कार्यकारिणीत हा विषय आलाच नाही.

– अविनाश

---

अविनाशदादा,

ही दखल ऑर्केस्ट्राला हातभार लावणाऱ्या स्वयंसेवक संघटनांच्या कामाची आहे. लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राज ही १९४२ पासूनची राष्ट्रीय संस्था, आणि गोल्ड बुक हे तिच्या व्हॉलंटियर कौन्सिलचं काम. अर्जदार गिल्डच असू दे. मंडळाचं नाव सहयोगी म्हणून पहिल्या परिच्छेदात ठळक घ्यावं, एवढा आग्रह मी आपल्या वतीने धरते.

पण मला मसुद्यातला मजकूरच जास्त खटकतोय. दोन पानं कौतुकाची आहेत आणि काम कसं चालतं याला चार ओळी. गोल्ड बुकात प्रकल्प जातो तो इतरांनी बघून तसाच करावा म्हणून. म्हणून चुकतं कुठे तेच सविस्तर हवं. मी हे घालणार आहे:

हात स्वच्छ करायचं जेल व्हायोलिनच्या टेबलावर ठेवायचं नाही. अल्कोहोलने वार्निश विरघळतं, ओल्या हाताने धरलं की बोटांचे ठसे कायमचे उमटतात. जेल दाराशी ठेवायचं, आणि हात पूर्ण वाळल्यावरच मुलाला रांगेत घ्यायचं.

मापं: पाच-सहा वर्षांच्या मुलांना साधारण पाव, सात ते नऊला अर्धं, अकरा-बाराच्या पुढे पूर्ण. गजही त्याच मापाचा. नव्या गजाला राळ लावल्याशिवाय आवाजच येत नाही, आणि राळेची नवी वडी आधी बारीक सँडपेपरने घासावी लागते. मुलाला वाटतं आपलंच चुकतंय, आणि ते हिरमुसून निघून जातं.

हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत खुंट्या सैल होतात. सूर लावताना घोडी वरून फिंगरबोर्डकडे झुकते, म्हणून दर वेळी बाजूने बघून सरळ करायची. चारही तारा एकदम सैल सोडायच्या नाहीत. आतला साउंडपोस्ट (तारांच्या दाबाने उभी राहणारी लाकडी काडी) पडला तर तो दिवस संपला.

फुंकवाद्यं: ट्रम्पेटपेक्षा ट्रॉम्बोनचं माउथपीस मोठं, लहान ओठांना सोपं. माउथपीस जास्तीचे ठेवायचे: एक हातात, एक जंतुनाशकाचा फवारा मारून बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहिलेला, एक पुसून वाळत. घाईत लगेच पुसलं तर फवाऱ्याचा उपयोग नाही. क्लॅरिनेटची लाकडी रीड एकाची दुसऱ्याला द्यायची नाही. बासरीचा फक्त वरचा तुकडा द्यायचा.

– मंजिरी

---

ताई, जेलचा नियम तबल्यालाही लिहा. शाईला ओला हात लागलेला चालत नाही, आणि शाई उडाली की पुडीच बदलावी लागते. कोरडा पंचा बाजूला हवाच. चुंबळ नसेल तर डग्गा टेबलावरून घरंगळतो, जमिनीवर सतरंजी टाकून बसवलं तर उत्तम. हार्मोनियम जागच्या जागी सुरात आणता येत नाही, तबला येतो, म्हणून तबला पेटीला मिळवायचा. ऑर्केस्ट्राच्या ४४० हर्ट्झच्या सुराला पेटी नेमकी जुळेलच असं नाही, तेव्हा व्हायोलिनबरोबर एकत्र वाजवायचा हट्ट नको.

तंबोरा मात्र आणू नये असं माझं मत. गर्दीत जवारी (तारांचा गुंजणारा नाद) ऐकूच येत नाही.

– प्रसाद

---

तंबोऱ्याला माझा विरोध आहे की पाठिंबा, ते नंतर बोलू. तंबोरा ठेवलाच तर कान भोपळ्याशी नेऊन ऐकवायचा, एका वेळी एकच मूल.

अर्जाची सुरुवात ऑर्केस्ट्रा-संचालक झुबिन मेहतांपासून करावी असं सुचवतो. जन्म मुंबईचा, १९३६. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी उभी केली, आणि झुबिन पुढे १९६२ ते १९७८ लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकला होते. आपलं नातं दिसतं.

– अविनाश

---

दादा, माहिती बरोबर, पण जागा चुकीची. अर्ज शनिवारी वाद्यं हाताळायला आलेल्या मुलांचा आहे. शिवाय शब्दमर्यादा आहे. ते पेटिंग झूच्या भिंतीवरच्या फलकावर लावू या, २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासकट. पालक वाचतात. मजकूर तुम्हीच द्या.

संजय, तीन ओळींचा तक्ता मला आज रात्री पाठवा. वाहतुकीचे तास चालकांकडून मागवतेय. ज्यांनी गाडी नेली त्यांनी भरणं, प्रवास, उतरवणं असे तीन आकडे वेगवेगळे कळवा, एकत्र बेरीज नको. प्रसाद, तबल्याचा परिच्छेद तसाच घेतला.

– मंजिरी