बेस ड्रमचा आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा येतो. घुमार कसा आणावा?

नवाठेका यांचा प्रश्न

नमस्कार. मी हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. माझा बेस ड्रम २२ इंच व्यासाचा आणि १६ इंच खोलीचा असून शेल, म्हणजे लाकडी कवच, पॉप्लरचे आहे. दोन्ही बाजूंना किटबरोबर आलेल्याच साध्या स्किन आहेत, पुढच्या स्किनला भोक नाही, आणि आत एक उशी व घडी घातलेली रजई ठेवली आहे. बीटर, म्हणजे पेडलची ठोकणी, लागल्याचा ‘टप्’ स्पष्ट ऐकू येतो. पण त्यामागून जो भरीव, खालचा नाद यायला हवा तो येतच नाही, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखे वाटते. कार्यक्रमात ऑक्टोपॅडवरची (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅडवरची) किक, म्हणजे बेस ड्रमचा ठोका, त्याच स्पीकरमधून छातीत जाणवते, माझी मात्र बेस गिटारखाली दबून जाते. सरावाची खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि मी साधारण मधोमध बसतो. स्किन बदलावी, माइक बदलावा की ड्रमच बदलावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. खर्च बेताचाच करता येईल.

जुनीकिक यांचे उत्तर

ड्रम बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. २२ बाय १६ हे माप ऑर्केस्ट्राच्या कामाला उत्तम आहे, आणि आवाजात शेलच्या लाकडापेक्षा स्किन, त्यांचा ताण व आत काय भरले आहे यांचाच वाटा मोठा असतो. मागच्या स्किनवर बीटर आदळला की आतली हवा दाबली जाते, ती पुढच्या स्किनला ढकलते, आणि दोन्ही स्किन मिळून हलू लागल्या की आपल्याला हवा तो खालचा नाद तयार होतो. तुमच्या उशीने आणि रजईने दोन्ही स्किन एकाच वेळी धरून ठेवल्या असणार, त्यामुळे हे देणेघेणेच थांबते आणि हाती उरतो तो बीटरचा टप्.

म्हणून आधी आतले सगळे बाहेर काढा, दोन्ही स्किन उतरवा आणि शेलच्या कडा तपासा. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा ग्रॅनाइट सहसा पुरेसा सपाट असतो. त्यावर शेलचे तोंड खाली करून ठेवा, खोलीत अंधार करा आणि शेलच्या आत बॅटरी लावा. कडेखालून एखाद्या जागी प्रकाशाची रेघ बाहेर आली, तर तिथे स्किन नीट टेकत नाही असे समजावे. मोठी फट असेल तर ते काम कारागिराकडे द्यावे, घरी कानस घेऊन बसू नये.

कडा ठीक असतील तर स्किन बसवून तिला ताण देणारे सगळे रॉड आधी बोटांनी फिरतील तितकेच आवळा. मग स्किनच्या मध्यभागी तळहाताने दाब द्या आणि समोरासमोरच्या रॉडना आळीपाळीने चावीचा पाव-पाव फेरा देत सुरकुत्या जेमतेम जातील इतका ताण आणा. बीटरच्या बाजूची स्किन इथेच सोडा आणि पुढची तिच्यापेक्षा थोडी चढी ठेवा. प्रत्येक रॉडपासून सुमारे दोन इंच आत बोटाने ठोकून स्वर जुळवून घ्या. एकच रॉड उतरलेला राहिला तरी आवाज फाटल्यासारखा येतो. एवढे झाल्यावर ड्रम रिकामाच वाजवून पाहा. तो जास्त वेळ घुमेल, आणि ते योग्यच आहे. मग एक टॉवेल गुंडाळून आत तळाशी असा ठेवा की तो बीटरच्या स्किनला खालून दोन-तीन इंचच टेकेल आणि पुढच्या स्किनला मुळीच लागणार नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर बीटरच्या बाजूच्या स्किनवर करा. रेमोची पॉवरस्ट्रोक ३ ही एकपदरी आणि १० मिल, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर, जाडीची असून तिच्या कडेला आतून बसवलेली पातळ पट्टी वरचे नकोसे स्वर शोषून घेते. इव्हान्सच्या ईमॅडमध्ये तेच काम बाहेरून लावलेले फोमचे कडे करते आणि ते बदलताही येते. यांपैकी कोणतीही घेतली तरी उशी लागणार नाही.

खोलीबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ६० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ५.७ मीटर असते, त्यामुळे भिंतीपासून तिच्या पाव अंतरावर, म्हणजे १.४ मीटरच्या आसपास, कान असेल तर परतणारी लाट मूळ लाटेला खाऊन टाकते. दहा फुटांच्या खोलीत मधोमध बसणाऱ्याचे कान जवळजवळ तिथेच येतात. ड्रम वाजवणाऱ्याने स्वतःच्या जागेवरून बेसचा निवाडा करू नये. दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला बसवून आपण समोरून आणि कोपऱ्यातून ऐकावे.

मिक्सरवाला यांचे उत्तर

वरील उत्तर सरावाच्या खोलीपुरते मला पूर्ण मान्य आहे. मंचावर मात्र मी पुढच्या स्किनला भोक पाडायला सांगेन. भोक नसेल तर माइक बाहेर राहतो, त्यात किकइतकीच बेस गिटार आणि मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले मंचावरचे स्पीकर) शिरतात, आणि लांब घुमणारी किक स्पीकरमधून परत येऊन गुणगुणू लागते.

भरलेला आणि मोकळा या दोन्ही पद्धतींना थोर परंपरा आहे. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार यांच्या बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक ड्रमच्या अगदी जवळ नेला. जवळून पकडलेली, आटोपशीर किक ही तिथून पुढे रूढ होत गेली. उलट लेड झेपेलिन या रॉक बँडचे ड्रमवादक जॉन बॉनम २६ इंचांचा ड्रम चढ्या ताणावर, मोकळा वाजवत, आणि इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्यात उंचावर टांगलेल्या माइकांनी त्याचा जो विस्तार पकडला तो अजून लोक शोधत फिरतात. पण त्यात जिन्याचा वाटा फार मोठा होता, आणि आपल्या नाट्यगृहांत तो मिळत नाही.

भोक ४ ते ५ इंचांचे, मध्यापासून बाजूला असावे आणि त्याला प्लास्टिकचे कडे लावावे, नाहीतर स्किन तिथून फाटत जाते. ७ इंचांहून मोठे केल्यास पुढची स्किन असून नसल्यासारखी होते. माइक भोकाच्या तोंडाशी ठेवला तर खालचा नाद अधिक मिळतो, आत बीटरच्या दिशेने सरकवला तर टप् वाढतो. शुअर बीटा ५२ए किंवा एकेजी डी ११२ यांपैकी जो उपलब्ध असेल तो चालेल. ईक्यूवर (मिक्सरवरचे स्वरपट्टे कमी-जास्त करण्याचे नियंत्रण) आधी ३०० ते ४०० हर्ट्झचा भाग कमी करावा, कारण तुम्ही म्हणता तो पुठ्ठा तिथेच राहतो. त्यानंतरच ६० ते ८० थोडे वाढवावे, आणि गरज पडली तर ३ ते ४ हजारांच्या आसपास बीटरला धार द्यावी. सगळेच वाढवत नेणारे पुष्कळ आहेत. त्यांची किक मोठी होते, चांगली होत नाही.

पखवाजप्रेमी यांचे उत्तर

एक लहानशी भर घालतो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर आम्ही कणीक लावतो, ती स्किनचे वजन वाढवून स्वर खाली आणते, पण स्किन हलतच राहते. उशी असे करत नाही. ती कंपनच अडवते, म्हणून ‘अजून खालचा स्वर हवा’ म्हणून उशा वाढवण्यात अर्थ नाही.

दुसरे असे की, बीटर ठोक्यानंतर स्किनवर दाबून धरता की लगेच सुटू देता, हे तुम्ही लिहिलेले नाही. दाबून धरला तर नाद तिथेच मरतो. दोन्ही प्रकार गाण्याप्रमाणे वापरावेत, पण सवयीने कायम दाबला जात असेल तर आधी पाय सुधारावा, स्किन नंतर घ्यावी.

नवाठेका

आपणा सर्वांचे आभार. उशी व रजई काढली, सांगितल्याप्रमाणे ट्यूनिंग केले आणि टॉवेल ठेवला. समोरून ऐकणाऱ्या मित्राला फरक लगेच जाणवला. बीटर मी बहुतेक दाबूनच धरतो हेही लक्षात आले. आता अडचण एवढीच आहे की, स्किन सैल झाल्यामुळे बीटर पूर्वीसारखा परतत नाही आणि जलद दुहेरी ठोके अडखळतात. मागची स्किन चढवावी काय?

जुनीकिक

अर्धा फेरा चढवायला हरकत नाही, त्याने खालचा नाद फारसा कमी होणार नाही. त्याआधी पेडलच्या स्प्रिंगचा ताण किंचित वाढवून पाहा आणि बीटर स्किनच्या मध्यावर लागतो का तेही तपासा. ड्रमचे पुढचे पाय असे लावा की पुढचे हूप, म्हणजे स्किन धरणारे कडे, जमिनीपासून बोटभर उचललेले राहील आणि पेडलची पट्टी जमिनीवर सपाट बसेल. पट्टी अधांतरी असली की ठोक्याचा जोर तिथेच वाया जातो.

मिक्सरवाला

आणि पुढच्या कार्यक्रमात ध्वनितपासणीच्या वेळी मिक्सरवर किकच्या चॅनेलचे पोलॅरिटीचे (लाट उलटी करणारे) बटण एकदा दाबून पाहायला सांगा. ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर लावलेले, माइक चालू असताना, बेस गिटारसह, दोन्ही स्थितींत ऐकावे. ज्या स्थितीत तळ भरलेला वाटेल तीच ठेवावी, आणि ईक्यूला हात त्यानंतर लावावा.